मागची सीट

कप टेबलावर ठेवला गेला नाही, टेबलाच्या शेजारी ठेवला गेला. म्हणजे ह्यांनी नेहमीसारखं वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता हात बाजूला नेला आणि जिथे टेबल असायला हवं होतं तिथे कप अलगद सोडून दिला. इतक्या विश्वासाने, की क्षणभर मलाच वाटलं टेबल सरकलं असणार. कप फुटला, चहा माझ्या पावलांवर आला आणि हे टेबलावर ओरडले. माणसावर ओरडावं तसे. "कुणी हलवलं हे?" आता कुणी हलवणार? घरात आम्ही दोघं. लेक लग्न होऊन केव्हाच दुसऱ्या शहरात गेलेली. मी फडकं आणलं, तुकडे वेचायला वाकले आणि वाकल्या वाकल्याच एकेक आठवायला लागलं. कपडे वाळत घालायचा स्टँड त्या आठवड्यात दोनदा आडवा झाला होता. दाराच्या चौकटीवर खांदा आपटला होता आणि चौकटीला शिव्या बसल्या होत्या. जिन्यात समोरच्या बाईंनी हात केला तर हे तसेच पुढे निघून गेले होते, आणि बाई मला म्हणाल्या होत्या, "साहेब रागावलेत का आमच्यावर?" मी म्हटलं होतं, छे हो, त्यांचा चेहराच तसा आहे. त्या सकाळी फरशीवर उकिडवी बसून मी वर बघितलं. हे माझ्याकडेच बघत होते, पण मी त्यांच्या डाव्या बाजूला होते, आणि त्यांची नजर मला शोधत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी एका यंत्रात ह्यांची हनुवटी टेकवली, ठिपके दिसले की बटण दाबायला सांगितलं, आणि बराच वेळ ते बटण वाजलंच नाही. "समोरचं काकांना छान दिसतंय," त्या म्हणाल्या, "कडेचं गेलंय. गेलेलं परत येत नाही, पण थेंब नेमाने घातले तर आहे ते टिकेल." हे म्हणाले, "मी बस चालवतो हो. माझं सगळं कडेलाच असतं." त्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. जन्मभर शहराच्या बस चालवलेला माणूस. कोण कुठल्या फुटपाथवरून उतरेल, कुठला स्कूटरवाला डावीकडून घुसेल, हे सगळं त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलेलं. डेपोने त्याच आठवड्यात त्यांना स्टिअरिंगवरून काढलं आणि फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत माइकसमोर बसवलं, कुठली बस कुठून सुटणार ते सांगायला. वाईट कुणी वागलं नाही. सगळे चांगलेच वागले, आणि तेच ह्यांना सोसेना. संध्याकाळी घरी यायचे, टोपी खुंटीला लावायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. काय झालं विचारलं की "काही नाही." काय हवंय विचारलं की "काही नाही." माणूस भांडला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. ह्या "काही नाही"पुढे मी हात टेकले.

आणि बोळकांडीत चादरीखाली लांबडी. लांबडी म्हणजे आमची दोघांची सायकल. एका सांगाड्यावर दोन सीट, दोन हँडल, दोघांचे पाय एकाच चेनने बांधलेले, म्हणजे एकाचे थांबले की दुसऱ्याचे थांबलेच. पुढच्याच्या हातात दिशा, ब्रेक, गिअर, सगळं राज्य. मागच्याच्या हातातलं हँडल नुसतं धरायला, ते वळत नाही. मागच्याने पाय मारायचे आणि विश्वास ठेवायचा. लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी सायकलवाल्याने लांबडी आम्हाला जुळवून दिली आणि तेव्हापासून दर सुट्टीत आम्ही सायकलवाल्यांच्या मंडळाबरोबर कुठे कुठे जायचो. मी नेहमी मागे. मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर आहे. दिवसभर कापडाच्या थप्पीवर शर्टांच्या पाठी कापते, शेकड्यांनी पाठी, खांद्याचा तुकडा, मधली चुणी, आणि सुट्टीतही माझ्यासमोर असायची ती एक पाठच. ह्यांची. जगातले किती डोंगर मी बघितले असं कुणी विचारलं तर मी खरं सांगेन की एकही नाही, मी एक शर्ट बघितला. चढ कुठला आहे ते मला त्या शर्टाच्या ओलीवरून कळायचं. आधी मणक्याच्या रेषेत ओल धरायची, मग दोन्हीकडे पसरायची, आणि सगळी पाठ भिजली की समजायचं, आला माथा. आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. खरंच नाही. पुढून आवाज यायचा "दाब", की मी जोर लावायचा. "सोड" म्हटलं की पायातला जोर क्षणभर काढायचा, म्हणजे गिअर बदलताना चेन अडकत नाही. दाब आणि सोड, ह्या दोन शब्दांवर आमचा निम्मा संसार झाला असं मी मैत्रिणींत म्हणायची, आणि बायका नको ते समजून हसायच्या.

मंडळाच्या डोंगरसहलीला आमचं नाव आधीच दिलेलं होतं. मी एका संध्याकाळी चादर काढली, लांबडीवरची धूळ पुसली आणि म्हटलं, "मी पुढे बसते." हे हसले. कपाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. म्हणाले, "तू? रिक्षात बसलीस तरी कुठं वळायचं ते सांगता येत नाही तुला." खरंच होतं ते. मी म्हटलं, शिकेन. लेकीने फोनवर कपाळाला हात लावला; तिथून सुद्धा मला ऐकू आला. "आई, काहीतरी होऊन बसेल." होऊ दे, म्हटलं. महिनाभर मैदानात मी त्यांना मागे बसवून गोल गोल फिरवलं, कुंपणात घातलं, एका बाकाला धडकवलं. आणि निघायच्या आदल्या रात्री हे म्हणाले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "हे बघ. चौथ्या दिवशी मोठा घाट आहे. आपल्या पायांनी वर गेलो तर लांबडी राहील. मध्येच सामानाच्या गाडीत बसायची वेळ आली तर परत आल्यावर सायकलवाल्याला देऊन टाकायची. आणि मग पुन्हा हा विषय नको. मला खुर्चीत बरं वाटतं." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मला कळत होतं की लांबडी गेली तर मागे उरणार ती खुर्ची, आणि मला त्या खुर्चीची भीती वाटत होती. माणसं अशा खुर्चीत बसतात ती मग उठतच नाहीत, हे मी माझ्या सासऱ्यांच्या वेळी बघितलेलं होतं.

तर ती घाटाची सकाळ. थंडी होती, हवा कोरडी, रस्ता आदल्या रात्री कुणीतरी झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ. मंडळी पुलावर जमली होती, कुणी केळं खात होतं, कुणी टायर दाबून बघत होतं. सामानाची गाडी चालवणारा मिशीवाला आमच्याजवळ आला. हा सगळ्यांच्या मागून येतो आणि जो थकेल त्याला उचलतो. मनाने फार चांगला माणूस. "काका, काकू, अवघड घाट आहे बरं का. लाजायचं नाही, केव्हाही हात करा," तो म्हणाला. हे काही बोलले नाहीत. हे सहलीच्या दुसऱ्या दिवसापासून काही बोलतच नव्हते, आणि त्याचं कारण मी होते. पहिले दोन दिवस मागून नुसती सरबत्ती: डावीकडे बघ, आधी ब्रेक मार, मधून कशाला चालवतेस, अगं ट्रक आहे, अगं ट्रक नाही. आणि नुसतं बोलणंच नाही. वळण आलं की मागे बसून अंग असं झोकायचे, जणू बसच वळवतायत, आणि लांबडी माझ्या हाताखालून सटकायची. ही ह्यांची जुनीच खोड. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसले तरी ह्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतो, जावई एकदा म्हणाला होता, "बाबा, पत्रा फुटेल हो खालचा." शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी मी भर रस्त्यात थांबले आणि ओरडले, "अहो, एक तर तुम्ही चालवा, नाहीतर तोंड बंद ठेवा!" तुम्ही चालवा. काय बोलून गेले ते तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. ह्यांनी तोंड बंद ठेवलं. एकदम कुलूप. तेव्हापासून मागून फक्त पाय, श्वास, आणि अधूनमधून खाकरणं.

पहिली वळणं सोपी गेली. बाकीचे पुढे निघून गेले, एक दातांची डॉक्टरीण आहे मंडळात, काटकुळी, तिची सायकल हातात धरली तर पिशवीपेक्षा हलकी, ती शेजारून जाताना "जोडी जोरात आहे आज!" असं म्हणाली आणि पुढच्या वळणाला दिसेनाशी झाली. मग रस्ता आमचा. आणि इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितली नव्हती, मनातल्या मनात सुद्धा धड नव्हती सांगितली. मला मजा येत होती. माझ्यासमोर पाठ नव्हती. इतकी वर्षं जिथे शर्ट होता तिथे रस्ता होता, आणि रस्ता म्हणजे काय काय असतं हे मला ह्या वयात कळत होतं. कडेला पाण्याची बारीक धार उतरून येते. डांबरावर उन्हाचा तुकडा पडलेला असतो आणि आपण त्यात शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो. वळणाच्या अलीकडे काहीच दिसत नाही आणि पलीकडे एकदम सगळी दरी उघडते, आणि ती पहिल्यांदा आपल्याला दिसते, पुढच्याला. मी दर वळणाला मनात म्हणत होते, आता काय असेल, आणि दर वळणाला जे असेल ते मला आवडत होतं. एक गाय नुसती उभी होती तीही आवडली. आणि लगेच मागून ह्यांचा श्वास ऐकू यायचा आणि मला इतकी लाज वाटायची! ज्या दिवशी ह्यांच्या डोळ्यांच्या कडा गेल्या त्या दिवशी मला हे सगळं मिळालं होतं. मी ते मागितलं नव्हतं. पण मिळाल्यावर परत द्यायला माझी तयारी नव्हती, हेही खरं. लांबडी गेली तर ह्यांच्यासाठी वाईट, असं मी लेकीला सांगत होते. माझ्यासाठी वाईट, हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

चढ वाढत गेला. मांड्या भरून आल्या, घाम डोळ्यांत उतरायला लागला आणि हँडल सोडून तो पुसायची सोय नाही. मागे असताना मी चढाला कापड कापायची, म्हणजे मनात. थप्पी लावायची, खडूने आखायचं, सुरी फिरवायची, एक पाठ, दुसरी पाठ, अशी शंभर झाली की घाट संपायचा. आता तसं करता येईना. आता दगड बघायचा, खड्डा बघायचा, वरून येणारी गाडी बघायची, चाक सरळ ठेवायचं, आणि ह्या सगळ्यात पायही मारायचे. ह्यांनी हे इतकी वर्षं कसं केलं, आणि वर मधून मधून शीळ कशी वाजवली, असा विचार आला आणि मला त्यांचा एकदम अभिमान वाटला. मग राग आला की हे त्यांनी मला कधी सांगितलं का नाही. मग आठवलं की सांगितलं असेलही. वाऱ्यावर मागे अर्धंच ऐकू येतं, आणि मी त्याला "हो हो" म्हणत असायची.

एक उलटं वळण आलं, हाताच्या कोपरासारखं, आणि त्याच्या पोटात रस्ता भिंतीसारखा उभा. मला दिसत होतं की गिअर हलका करायला हवा. दिसत होतं, पायांना कळत होतं, अंगठा त्या दांडीवर जाऊन बसला होता. आणि मी थांबले. कशासाठी थांबले? "सोड" ऐकू यायची वाट बघत. माझे पाय त्या शब्दाची वाट बघत होते, इतक्या वर्षांची सवय. पुढून आवाज येईल, मग जोर काढायचा. पुढे कुणी नव्हतं. पुढे मीच होते. हे डोक्यात उजाडेपर्यंत आम्ही वळणाच्या पोटात होतो, दोघांचाही सगळा जोर पायडलवर, आणि मी घाबरून तशीच दांडी दाबली. कडाड असा आवाज झाला, चेन सुटली, पाय गपकन अडकले, आणि लांबडी क्षणभर उभ्या जागी विचार करत राहिली. मग आडवी झाली. माझी कोपरं रस्त्यावर, ह्यांचा खांदा कठड्याच्या गवतात. "अहो!" मी ओरडले. "आहे," गवतातून आवाज आला. "तुला लागलं का?" जीव भांड्यात पडला, आणि तो पडला तशी मी रडायच्या ऐवजी भडकले.

लांबडी कडेला ओढली, कठड्यावर बसलो. ह्यांच्या तळहाताला खरचटलं होतं, माझ्या कोपराला. मी पाणी ओतलं, रुमाल बांधला आणि बांधता बांधता म्हटलं, "मला कळलंच नाही सोड म्हणायचं. मी तुमची वाट बघत बसले." हे म्हणाले, "शब्द ओठावर होता माझ्या." "काय?" "वळणाच्या आधीच. चेन जड झाली ते पायाला कळलं मला. सोड म्हणणार होतो. गिळला." "आणि का गिळला?" "तूच म्हणालीस, तोंड बंद ठेवा." "अहो, मी म्हटलं म्हणून? जन्मभर मी जे म्हटलं त्यातलं एक ऐकलं नाहीत, आणि ऐकायला तुम्हाला हेच सापडलं? कड्यावरून खाली गेलो असतो! बोलायला काय धाड भरली होती?" "आणि बोललो असतो तर पुन्हा ओरडली असतीस." "ओरडले असते! मग? ओरडून घ्यायचं!" माझा आवाज दरीत जाऊन परत आला. हे खाली बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "मागे बसून काय करायचं ते मला कळत नाही गं. नुसतं ओझं असल्यासारखं वाटतं." इतक्या महिन्यांत "काही नाही"च्या पलीकडचं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, "ओझं? मी इतकी वर्षं मागे बसले, मी ओझं होते का?" "तू होतीस म्हणून तर चढायचो," हे म्हणाले. वैतागून म्हणाले, हे काय विचारणं झालं अशा थाटात. त्यांच्याच बोलण्याचा अर्थ त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. माझ्या आधीच आला होता, पण मी गप्प बसले, कारण काही गोष्टी माणसाला स्वतःहून कळू द्याव्यात.

खालून इंजिनाचा आवाज आला. सामानाची गाडी. ती वळणं चढत येईपर्यंत आम्ही दोघंही तिकडे कान लावून बसलो होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. खोटं कशाला सांगू, मनातून एक आवाज म्हणत होता, बसावं गाडीत, पुरे झालं. आणि दुसरा म्हणत होता, आता गेली लांबडी, आता खुर्ची. गाडी थांबली. मिशीवाल्याने काचेतून डोकं काढलं, आमचे रुमाल बघितले, सायकल बघितली आणि उतरून सरळ मागचं दार उघडलं. "या काका. मी टाकतो सायकल वर. अर्ध्यावर आलात तेच पुष्कळ." मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. मला बघवेना. मी कठड्याच्या दगडाकडे बघत बसले, आणि ह्यांचा आवाज आला, डेपोत बोलतात तसा, कामाचा, ठणठणीत. "मला कशाला विचारता? आमच्या ड्रायव्हरला विचारा."

मिशीवाला बिचारा इकडे तिकडे बघायला लागला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. ह्यांच्या तोंडी तो शब्द म्हणजे काय, हे त्याला कुठून माहीत असणार? डेपोत सुद्धा हे सगळ्यांना ड्रायव्हर म्हणत नसत. निम्म्यांना हे "चाक धरणारे" म्हणायचे. मी म्हटलं, "नको. प्यायचं पाणी असेल तर तेवढं द्या." त्याने बाटली दिली, बराच वेळ घुटमळला, आणि "मी आहे हळूहळू मागे," असं म्हणून गाडीत जाऊन बसला.

ह्यांनी बोटांनी चाचपून सुटलेली चेन परत दात्यांवर चढवली. चढावर लांबडी उभी करून तिच्यावर बसणं म्हणजे सर्कस आहे. दोनदा जमलं नाही, दोनदा आम्ही एकमेकांच्या अंगावर पडलो, आणि दुसऱ्यांदा हे चक्क हसले, ह्या वेळी चांगलं हसले. तिसऱ्यांदा लांबडीचं तोंड रस्त्याला आडवं केलं आणि निघालो. निघताना ठरलं ते असं: रस्ता मी बोलायचा, चेन त्यांनी बोलायची. पुढे काय आहे ते मला दिसतं, पण चेन केव्हा जड होते ते त्यांना माझ्याआधी कळतं. इंजिनावर कान ठेवून आयुष्य काढलेलं. "दगड, उजवीकडे," मी म्हणायची. "सोड," हे म्हणायचे, आणि माझा अंगठा दांडी दाबायचा, आणि चेन लोण्यासारखी उतरायची. "खड्डा." "दाब." "वळण, डावं, मोठं आहे, अंग झोकू नका." "नाही झोकत." "झोकताय." "बरं." पुन्हा बडबड सुरू झाली तशी मला चढ कमी वाटायला लागला, म्हणजे तो कमी नव्हता, पायांत शिसं ओतल्यासारखं झालं होतं, पण आता ते चार पायांत वाटलं गेलं होतं. मी त्यांना गाय सांगितली, उशीर झाला होता तरी सांगितली. पाण्याची धार सांगितली, दरी सांगितली. मला मजा येतेय, हेही सांगून टाकलं, पुढे तोंड करूनच. मागे बघावं लागत नाही हे किती बरं असतं. हे म्हणाले, "कळलं होतं. सकाळपासून गुणगुणतेयस." मी गुणगुणत होते हे मला माहीतच नव्हतं.

"तुम्हाला काय दिसतंय?" मी विचारलं. हे निवांत म्हणाले, "ती डोळ्यांची डॉक्टरीण म्हणाली ना, सरळ समोरचं छान दिसतं. समोर तुझी पाठ आहे. ती छान दिसते." मी काही बोलणार तेवढ्यात पुढे म्हणाले, "डाव्या खांद्यावरची शिवण तिरकी गेलीय." "काहीतरीच! मी कापलंय ते." "कापलं असशील. शिवताना घाई केलीस. चांगली बोटभर तिरकी आहे. सोड." मी अंगठा दाबला. ऊन माझ्या पाठीवर होतं आणि त्या पाठीकडे कुणीतरी टक लावून बघतंय हे मला कळत होतं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत कळायचं तसं. पन्नाशी उलटलेली बाई, घामाने निथळतेय, आणि लाजतेय. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं? पण बघणारा एकच होता आणि त्याला माझा चेहरा दिसत नव्हता.

माथा आला तेव्हा मला तो ओळखता आला नाही. इतकी वर्षं मी तो शर्टाच्या ओलीवरून ओळखत होते. ह्या वेळी रस्ता एकदम सपाट झाला, वारा समोरून आला आणि मंडळी टाळ्या वाजवायला लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला मिठी मारली, कुणीतरी चॉकलेट दिलं, कुणी फोटो काढला. त्यात माझं तोंड उघडं आहे आणि हे भलतीकडेच बघतायत. मी गवतावर बसले आणि पाय लांब केले. पाय माझे नव्हतेच, कुणीतरी जोडून दिलेले होते. पण आत इतकं शांत होतं की मला ती शांतता मोडावीशी वाटेना. विचारावं की नाही, हा एकच विचार. लांबडी राहिली का? गाडीत बसलो नाही, तेव्हा राहिलीच. शब्दाचे हे पक्के आहेत. पण शब्द पाळायचा म्हणून ती बोळकांडीत चादरीखाली उभी राहिली तर तिचा काय उपयोग? मला ती तशी नको होती. हे हात मागे बांधून कठड्याशी उभे होते आणि मला त्यांच्या पाठीवरून काही कळत नव्हतं.

सामानाची गाडी वर आली. हे वळले, जरा चाचपडत तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "पाना आहे का तुमच्याकडे?" मला वाटलं, पडताना काहीतरी वाकलं असणार. मिशीवाल्याने पाना दिला. हे लांबडीपाशी आले आणि मागच्या सीटखाली उकिडवे बसले, बोटांनी नट शोधला आणि ढिला करायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी ते पाय ओढत उठलेच. ती सीट माझ्या उंचीची होती. पुढची सीट ह्यांनी निघायच्या आधी माझ्यासाठी खाली घेतली होती, माप घेऊन, मला दोनदा बसवून बघून. मागच्या सीटला हात लावला नव्हता. माझ्यापेक्षा वीतभर उंच माणूस, आणि तो माझ्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन इतके दिवस बसला होता, हा सगळा घाट तसाच चढला होता. पुढच्याला मागचं दिसत नाही.

"अहो, बोलला का नाहीत? गुडघे गेले असतील कामातून!"

"मला काय माहीत, इथे बसायचंय की नाही ते," हे म्हणाले. त्यांनी सीटची नळी वर ओढली, शेजारी उभं राहून कंबरेशी माप लावलं, पुन्हा थोडी वर ओढली. मग पाना लावला आणि दोन्ही हातांनी, दात खाऊन, नट आवळला. रुमालातून रक्त आलं तरी आवळतच राहिले. मिशीवाला म्हणाला, "बास काका, पुन्हा काढता येणार नाही." हे म्हणाले, "नकोच." पाना पुसून त्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चल. उतारावर दोन्ही ब्रेक सारखे दाबायचे, आणि दाबायच्या आधी मला सांगायचं."

मी पुढे बसले. मागे वजन आलं तशी लांबडी जराशी दबली.

"बसलात?" मी विचारलं.

"बसलो," हे म्हणाले.